फळांच्या बिया : गुण, प्रमाण आणि पथ्य

(व्याख्यानाचा मजकूर)



फळ खावे आणि बी टाकावी, हा घरोघरचा नित्याचा व्यवहार. अलीकडे मात्र या टाकाऊ बीला मोठे मोल आले आहे. औषधांच्या दुकानांत द्राक्षबीच्या अर्काच्या कॅप्सूल मिळतात, जांभूळबीचे चूर्ण बरण्यांत भरून विकले जाते आणि जर्दाळूच्या कडू बीने कर्करोग बरा होतो, असा संदेश भ्रमणध्वनीवरून या घरातून त्या घरात फिरत राहतो. यांपैकी काही गोष्टींत तथ्य आहे, काहींत अर्धे तथ्य आहे आणि एक गोष्ट तर जिवावर बेतणारी आहे. या सर्वांना एकाच तराजूत तोलले जाते, ही खरी अडचण होय.

बी म्हणजे झाडाने पुढच्या पिढीसाठी बांधून दिलेली शिदोरी. तीत अंकुराला पुरेल इतके पिष्ट, तेल आणि प्रथिने असतात. ही शिदोरी किडीने, बुरशीने वा जनावराने लुटू नये म्हणून तिच्यावर राखणही बसविलेली असते. तुरट टॅनिने, कडू द्रव्ये आणि क्वचित प्रसंगी विष, हीच ती राखण. माणसाला औषधी म्हणून ज्यांचे आकर्षण वाटते, ती पुष्कळशी द्रव्ये या राखणदारांपैकीच आहेत. त्यामुळे बीच्या बाबतीत गुण आणि धोका एकाच छपराखाली नांदतात. कोणती बी, तिचा कोणता भाग आणि किती प्रमाणात, हे ठरल्याशिवाय ‘बी औषधी आहे’ या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही.

प्रथम चिंचोक्याचा विचार करू या. दुभंगलेले चिंचोके फाशांसारखे टाकून खेळलेला सारीपाट जुन्या पिढीच्या स्मरणात असेल. कापडाच्या व्यवसायाशी ज्यांचा संबंध आहे, त्यांना चिंचोका निराळ्याच कारणाने परिचित आहे. घोंगडीला ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ देण्याची रीत दख्खनात फार जुनी. १९४० च्या दशकापासून चिंचोक्याचे पीठ सुती आणि तागाच्या गिरण्यांतही ताण्याच्या सुताला खळ देण्यासाठी वापरले जाऊ लागले. ही खळ सुतावर पातळ थर धरते, तंतूंची लव बसविते आणि मागावर सूत तुटू देत नाही. हा गुण ज्या द्रव्यामुळे येतो त्याला झायलोग्लुकन म्हणतात. ती एक बहुशर्करा असून चिंचोक्याच्या गराचा निम्म्याहून अधिक भाग तिनेच व्यापलेला असतो.

हेच द्रव्य पुढे नेत्रवैद्यकात पोहोचले, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसेल. डोळ्यांतील अश्रूंच्या थरात म्युसिन नावाचे बुळबुळीत द्रव्य असते आणि त्यामुळे अश्रू बुबुळावर टिकून राहतात. चिंचोक्यातील बहुशर्करेची रचना या म्युसिनशी मिळतीजुळती आहे. ज्यांचे डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात, त्यांच्यासाठी या शुद्ध केलेल्या द्रव्याचे अर्धा ते एक टक्का द्रावण थेंबांच्या रूपाने तयार करण्यात आले. इटलीतील ३० रुग्णांवरचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रचलित हायल्युरोनिक आम्लाच्या थेंबांशी या थेंबांची तुलना केली होती. चिंचोक्याचे थेंब त्यांच्या बरोबरीचे ठरले आणि जळजळ, डोळ्यांत काही गेल्याची भावना अशा काही तक्रारींत अधिक उतार पडला. रुग्णांची संख्या लहान होती, हे खरे. पण द्रव्य ठरलेले, प्रमाण ठरलेले आणि उपयोगही नेमका होता. सुतावर थर धरणारी वस्तू डोळ्यावर थर धरते, इतकाच साधा तिचा दावा आहे. अर्थात, घरी चिंचोका उगाळून डोळ्यांत घालण्याचे साहस कोणीही करू नये. शुद्धीकरण आणि निर्जंतुकीकरण यांवाचून ते थेंब औषध ठरत नाहीत.

कोकणातील मुठेल हाही असाच एक नेमका उपयोग. कोकमाच्या बियांपासून काढलेले हे तेल गोठून घट्ट होते आणि भेगा पडलेल्या टाचांना लावले जाते. त्याविषयी कोणी मोठा दावा करीत नाही, म्हणून वादही नाही.

द्राक्षबीची कथा थोडी गमतीची आहे. नाशिक-सांगलीकडची खाण्याची द्राक्षे बहुतांशी बिनबियांची. तासगावचा बेदाणाही तसाच. बी शोधायची तर काळ्या मनुकांत किंवा वाइनसाठी लावलेल्या जातींत शोधावी लागते. द्राक्षातील पॉलिफेनॉल गटाच्या द्रव्यांचा मोठा वाटा या बीतच असतो, आणि त्यांतील प्रोअँथोसायनिडिन ही तुरट द्रव्ये रक्तवाहिन्यांवर अनुकूल परिणाम करीत असावीत, असे संशोधकांना वाटते. काही चाचण्यांत रक्तदाब थोडा उतरलेला दिसला, काहींत फरक पडला नाही. ग्राहकाने एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. द्राक्षबीचा अर्क निराळा आणि द्राक्षबीचे तेल निराळे. ही तुरट द्रव्ये तेलात फारशी उतरत नाहीत. म्हणून अर्काची कीर्ती सांगून तेल विकणे हे एका मालाचे लेबल दुसऱ्याला लावण्यासारखे आहे. रक्त पातळ करणारी औषधे ज्यांना चालू आहेत, त्यांनी असा अर्क डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नये.

आता जांभूळबी. मधुमेहावर तिचा वापर आयुर्वेदात चालत आला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती युरोपातही पोहोचली, आणि १९२१-२२ मध्ये इन्सुलिन हाती येईपर्यंत तेथील वैद्य तिचा उपयोग करीत असत. बीमध्ये गॅलिक आम्ल, एलॅजिक आम्ल आणि इतर टॅनिने आहेत. मधुमेही उंदरांवरील अनेक प्रयोगांत बियांच्या अर्काने रक्तातील साखर उतरली आहे. तथापि कापड बाजारात नमुन्याची चिंधी पाहून सौदा ठरतो, तरी माल घेताना थान उलगडूनच पाहिले जाते. उंदरावरचा प्रयोग हा नमुना आहे. माणसांवरची मोठी, काटेकोर चाचणी हे थान होय, आणि जांभूळबीचे थान अजून पुरते उलगडलेले नाही. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांचा काढा रुग्णांना देऊन पाहिला, तेव्हा साखरेवर परिणाम आढळला नाही. पानांचा निकाल बीला लागू करता येणार नाही, हे उघड आहे. पण झाड एकच म्हणून प्रत्येक भागाचा गुण एकच, ही समजूतही त्यामुळे टिकत नाही.

येथे व्यवहारातील धोका दुहेरी आहे. चूर्ण सुरू केले म्हणून गोळ्या परस्पर बंद करणारा मधुमेही काही महिन्यांनी मूत्रपिंडाची वा डोळ्यांची तक्रार घेऊन उभा राहू शकतो. उलट गोळ्या चालू ठेवून वर चूर्ण घेणाऱ्याची साखर अकस्मात फार खाली जाऊ शकते. चूर्ण घ्यायचेच असेल तर ते वैद्याच्या आणि डॉक्टरांच्याही माहितीत असावे, आणि साखरेची तपासणी चुकवू नये.

शेवटी जर्दाळूच्या बीविषयी अधिक विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. गोड जातीच्या जर्दाळूची बी बदामासारखी खाल्ली जाते, तिच्याविषयी हे विवेचन नाही. कडू बीमध्ये अमिग्डॅलिन नावाचे द्रव्य असते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३० साली ते कडू बदामातून प्रथम वेगळे केले. बी अखंड असेपर्यंत ते निरुपद्रवी असते. ती चावली किंवा कुटली, की बीतीलच एक विकर त्याला भिडते आणि साखर, बदामाचा वास देणारे बेंझाल्डिहाइड व हायड्रोजन सायनाइड अशी तीन द्रव्ये तयार होतात. सायनाइडमुळे पेशींना रक्तातील प्राणवायू वापरताच येत नाही. सफरचंदाच्या बीतही अमिग्डॅलिन असते. परंतु चुकून गिळलेल्या दोन-चार अखंड बिया तशाच बाहेर पडतात, त्यासाठी घाबरण्याचे कारण नाही.

या द्रव्यावरून बनविलेल्या ‘लेट्रिल’ला अमेरिकेत ‘व्हिटॅमिन बी-१७’ असे नाव देऊन कर्करोगावरील उपाय म्हणून विकले गेले. वस्तुतः हे जीवनसत्त्व नव्हेच. त्याच्या अभावाने कोणताही रोग होत नाही. १९७० च्या दशकात त्याची एवढी लाट आली, की अमेरिकेतील वीसहून अधिक राज्यांनी त्याला कायदेशीर वाट करून दिली. प्रसिद्ध चित्रपट अभिनेते स्टीव्ह मॅक्वीन यांनी मेक्सिकोत जाऊन घेतलेल्या उपचारांत लेट्रिल होते. नोव्हेंबर १९८० मध्ये त्यांचे निधन झाले. अखेर अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पुढाकाराने १७८ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणीही रोगमुक्त झाला नाही, कोणाचा रोग स्थिरावला नाही, आयुष्य वाढल्याचेही दिसले नाही. काही रुग्णांच्या रक्तात मात्र सायनाइडचे प्रमाण धोक्याच्या पातळीकडे गेलेले आढळले.

चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तोच दावा पुन्हा नव्या वेष्टनात येतो. घरात कर्करोगाचे निदान झाले की माणसे हतबल होतात, आणि हतबल माणसाला कोणतीही बी विकता येते. विषबाधेपेक्षाही मोठी हानी वेळेची होते. प्रारंभीच्या अवस्थेत शस्त्रक्रियेने बरी होऊ शकणारी गाठ, बिया खाण्यात गेलेल्या चार-सहा महिन्यांत हाताबाहेर जाते.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, प्रौढ माणसाने एका वेळी तीनहून अधिक लहान कडू बिया, किंवा मोठ्या बीचा अर्धा भाग खाल्ला, तरी सुरक्षित मर्यादा ओलांडली जाऊ शकते. लहान मुलाच्या बाबतीत एक लहान बीदेखील पुरते. कोणी अशा बिया खाल्ल्या आणि डोकेदुखी, चक्कर, उलटी, धाप लागणे वा ग्लानी जाणवली, तर घरगुती उताऱ्यात वेळ न दवडता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. सायनाइडवर उतारा-औषध उपलब्ध आहे, मात्र ते लवकर मिळावे लागते. जाताना उरलेल्या बियांची पुडी सोबत घ्यावी आणि किती खाल्ल्या, केव्हा खाल्ल्या, चावून की कुटून, हे डॉक्टरांना आडपडदा न ठेवता सांगावे.