दिवेलागणीला जाणारे चित्र



कॅमेरा खोटे बोलत नाही, असे आपण म्हणतो. घरांत आणि दुकानांत कॅमेरे बसवण्याचा व दुरुस्त करण्याचा माझा व्यवसाय आहे, म्हणून अनुभवाने सांगतो : तो खोटे बोलत नसेल, पण पुष्कळदा अर्धवट बोलतो. त्यातून काय होते, ते मी एका घरात पाहिले.

काकू एकट्या राहतात, मुलगा नोकरीसाठी बंगळूरला. आईच्या काळजीपोटी त्याने घराला चार कॅमेरे बसवून घेतले होते. मला बोलावले ते परसदाराच्या कॅमेऱ्यासाठी. काकू म्हणाल्या, "कॅमेऱ्याचं मला काही कळत नाही. तो बंद कोण करतं, तेवढं शोधून दे."

चांदीचे एक फुलपात्र दिसेनासे झाले होते. भांडी घासायला येणाऱ्या मावशी संध्याकाळी परसदारानेच ये-जा करत. मुलाने मोबाइलवर आठवड्याचे रेकॉर्डिंग पाहिले, तर रोज मावशी येण्याच्या सुमारास त्या कॅमेऱ्याचे चित्र गायब! पडद्यावर 'व्हिडिओ लॉस' एवढीच अक्षरे. अकरा वर्षे काम करणाऱ्या बाईंना 'उद्यापासून येऊ नका' असे सांगून झाले होते.

मी विचारले, "काकू, मावशी येत नाहीत त्याला किती दिवस झाले?" त्या म्हणाल्या, "चार." म्हटले, "मग या चार दिवसांच्या संध्याकाळी लावून बघू." लावल्या. मावशी नव्हत्या, तरी चित्र त्याच वेळी जात होते. इतकेच नव्हे, रात्रभर येत-जात होते आणि उजाडल्यावर आपोआप स्थिर होत होते. मुलाने फक्त संध्याकाळ पाहिली होती.

हा दोष आमच्या धंद्यात नेहमीचा. अंधार पडला की कॅमेऱ्याच्या भिंगाभोवतीचे इन्फ्रारेड दिवे आपोआप लागतात. ते डोळ्यांना फारसे दिसत नाहीत, पण वीज खातात. मी भर दुपारी कॅमेऱ्यावर काळे फडके टाकले. अंधार झाला असे समजून दिवे लागले आणि चित्र गेले. फडके काढले, चित्र आले. काकूंना तीनदा करून दाखवले.

मग डीव्हीआरच्या मागे दोन कॅमेऱ्यांच्या वायरी अदलून-बदलून लावल्या. दोष कॅमेऱ्याबरोबर दुसऱ्या खणात गेला, म्हणजे डीव्हीआर निर्दोष. शेवटी मीटर लावला. अ‍ॅडाप्टरपाशी १२ व्होल्ट बरोबर होते. कॅमेऱ्यापाशी दिवसा पावणेअकरा आणि दिवे लागल्यावर जेमतेम ९. वायर लांब, केसासारखी बारीक, आणि मधला टेप गुंडाळलेला जोड पावसाने हिरवा पडलेला. नळ लांब असला आणि पाइप बारीक असला की धार कमी येते, तसेच हे. व्होल्टेज घसरले की कॅमेरा बंद पडतो. तो बंद पडला की दिवे विझतात, व्होल्टेज वर येते, तो पुन्हा सुरू होतो आणि पुन्हा पडतो. तांब्याची जाड वायर टाकली, जोड काढून टाकला. त्या रात्रीपासून चित्र गेले नाही.

असेच इतर दोषही ओळखता येतात. समोरचे थेट चित्र नीट दिसते, पण मागचे रेकॉर्डिंग अडखळते किंवा मधले तुकडे गायब असतात, तर संशय कॅमेऱ्यावर न घेता हार्ड डिस्कवर घ्यावा. तिची तपासणी डीव्हीआरच्या मेन्यूतच असते. मात्र 'हालचाल झाली तरच रेकॉर्ड कर' अशी योजना असेल, तर रिकामी जागा हा दोष नव्हे. वायफायवरचा कॅमेरा तुटत असेल, तर राउटर आणि कॅमेरा यांच्यामध्ये किती भिंती आहेत ते मोजा. पेनड्राइव्हवर घेतलेली फाइल जुन्या संगणकावर उघडली नाही, तर ती खराब झाली असे समजून पुसू नका. एच.२६५ पद्धतीची फाइल जुन्या यंत्रांना वाचता येत नाही. दुसऱ्या प्लेअरवर लावून पाहा.

जुने रेकॉर्डिंग मिळत नाही, ही तक्रारही नेहमीची. हिशेब सोपा आहे. एका कॅमेऱ्याला सेकंदाला २ मेगाबिट धरले, तर चार कॅमेरे दिवसाला सुमारे ८६ गिगाबाइट भरतात. १ टेराबाइटची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि सर्वांत जुने पुसत जाते. काही घडले, तर त्याच दिवशी प्रत काढून ठेवा.

आणि घड्याळ! डीव्हीआरमधला नाण्याएवढा सेल संपला की वीज जाऊन आल्यावर तारीख-वेळ चुकते. चुकीच्या वेळेचे चित्र एखाद्याला तो जिथे नव्हता तिथे नेऊन उभे करते. महिन्यातून एकदा पाच मिनिटे काढा : घड्याळ पाहा, आणि कालच्या दुपारचे व कालच्या रात्रीचे रेकॉर्डिंग प्रत्येक कॅमेऱ्यावर लावून पाहा.

माझे काम झाल्यावर काकूंनी चपला घातल्या आणि त्या स्वतः मावशींच्या घरी गेल्या. मावशींनी चहा केला. म्हणाल्या, "राग नाही बाई, पण मी आता दुसरीकडे काम धरलंय." त्या परत आल्या नाहीत. फुलपात्रही मिळाले नाही. ते कुठे गेले हे कुणालाच ठाऊक नाही, कॅमेऱ्यालाही नाही.

वायर बदलायला मला दीड तास लागला होता. ती आठ दिवस आधी बदलली असती तर, असे काकू अजून म्हणतात. तेव्हा श्रोतेहो, रेकॉर्डिंगमध्ये खंड दिसला, तर आधी वायर तपासा. माणसावर बोट नंतर दाखवा.