यकृतातील चरबी आणि यकृतावरील वण : धोका कोणाला अधिक?

(वार्षिक सभेच्या निमित्ताने देणगीदार व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोनोग्राफीच्या अहवालातील 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' ही ओळ आता घरोघरी परिचयाची झाली आहे. ती वाचून काही कुटुंबे हवालदिल होतात, तर काही 'हल्ली सर्वांनाच असते' असे म्हणून अहवाल कपाटात ठेवून देतात. या दोन्ही प्रतिक्रिया आम्हाला योग्य वाटत नाहीत. निर्धास्त कोणी राहावे आणि पुढील तपासणी कोणी लांबवू नये, हे ठरविण्याची साधी साधने आज उपलब्ध आहेत. त्यांचा परिचय करून देणे हा या निवेदनाचा हेतू आहे.

भारतातील अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार आपल्याकडील प्रौढांपैकी सुमारे ३८ टक्के लोकांच्या यकृतात प्रमाणाबाहेर चरबी आढळते. यांपैकी बहुतेकांना यकृताचा गंभीर विकार कधीही होत नाही. मात्र काहींच्या बाबतीत चरबीमुळे यकृताच्या पेशींना सूज येते, पेशी मरतात आणि त्यांच्या जागी कोलॅजेनचे तंतू साचू लागतात. कातडीवरील जखम भरून आल्यावर वण राहतो, तसाच हा यकृताच्या आतील वण. वैद्यकशास्त्र त्याला फायब्रोसिस म्हणते. त्याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या मानल्या जातात. चौथी पायरी म्हणजे सिऱ्हॉसिस. रुग्णाचे भवितव्य चरबीच्या प्रमाणापेक्षा या वणाच्या पायरीवर अधिक अवलंबून असते, असे दीर्घकालीन अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सोनोग्राफीतील 'ग्रेड' चरबीचा अंदाज देते, वणाचा नव्हे. ग्रेड एक असलेल्या रुग्णाच्या यकृतावर बराच वण असू शकतो आणि ग्रेड तीन असलेल्याच्या यकृतावर मुळीच नसू शकतो. शिवाय वण वाढत असताना दुखत नाही, भूक मंदावत नाही, डोळे पिवळे होत नाहीत. पोटात पाणी होईपर्यंत अनेकांना काहीच जाणवत नाही.

मग धोका कोणाला अधिक? पहिला क्रमांक मधुमेहाचा. टाइप २ मधुमेह असलेल्या दर तिघांपैकी सुमारे दोघांच्या यकृतात चरबी असते, आणि त्यांच्यात वण निर्माण होण्याची व तो वाढण्याची शक्यताही अधिक असते. त्यानंतर पोटाचा घेर, उच्च रक्तदाब, पन्नाशीपुढील वय, स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीनंतरचा काळ आणि जवळच्या नात्यात सिऱ्हॉसिस झालेला असणे, ही कारणे येतात. काही कुटुंबांत आनुवंशिक कलही असतो. पीएनपीएलए३ या जनुकातील असा एक बदल २००८ मध्ये प्रकाशात आला. लठ्ठपणा वा मधुमेह असलेल्या व्यक्तीने त्यावर मद्यपान केल्यास धोका आणखी वाढतो, आणि बिअर व वाइन यांना त्यात सूट नाही.

'आमचे हे तर सडपातळ आहेत' असे सांगणाऱ्या भगिनींसाठी पुण्यातीलच एक उदाहरण सांगतो. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. तात्पर्य, भारतीय माणसाने केवळ वजनकाट्यावर विसंबू नये. पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असल्यास तो धोक्याचा इशारा समजावा.

दुसरा भ्रम 'लिव्हरचे रिपोर्ट नॉर्मल आहेत' हा. वय, एसजीओटी, एसजीपीटी व प्लेटलेट या चार आकड्यांवरून 'फिब-४' हा निर्देशांक काढता येतो. वयाला एसजीओटीने गुणावे आणि प्लेटलेटची हजारांतील संख्या व एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने त्यास भागावे. समजा, रुग्णाचे वय ५८, एसजीओटी ४०, एसजीपीटी ३६ व प्लेटलेट १ लाख ६० हजार आहेत. प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर सर्वसाधारण मर्यादेत बसतो. निर्देशांक मात्र २.४ येतो. तो १.३ पेक्षा कमी असेल तर मोठा वण असण्याची शक्यता अल्प असते, २.६७ पेक्षा जास्त असेल तर तज्ज्ञांकडे जाणे अगत्याचे. पासष्टीनंतर खालची मर्यादा २ धरतात आणि पस्तिशीच्या आत हा हिशोब फारसा भरवशाचा नसतो. मधल्या आकड्याच्या आमच्या या रुग्णाला फायब्रोस्कॅनसारखी यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी हवी. तिला सुई लागत नाही आणि ती काही मिनिटांत होते.

वेळीच कळले तर वण मागे हटू शकतो, ही सर्वांत आशादायक बाब. वजन ७ ते १० टक्क्यांनी घटविल्यास यकृताची सूज ओसरते. १० टक्के वा त्याहून अधिक घटविणाऱ्या अनेकांचा वणही कमी झालेला आढळला आहे. सत्तर किलोच्या माणसासाठी हे सात किलो होतात. ते उपासाने एका महिन्यात नव्हे, तर साखर, मैदा व तळण कमी करून आणि नित्य चालून वर्षभरात साधावेत. अमेरिकेत या विकारासाठी २०२४ मध्ये रेस्मेटिरॉम व २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधांना मान्यता मिळाली. ती ठरावीक रुग्णांसाठीच आहेत, आणि आहार व व्यायाम यांची जागा घेत नाहीत.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये या विकाराचा असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला. धर्मादाय रुग्णालयांचे कर्तव्यही त्यातून स्पष्ट होते. मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाचा फिब-४ निर्देशांक दरवर्षी काढला जावा, त्यासाठी लागणाऱ्या रक्ततपासण्या गरजूंना परवडाव्यात आणि आहारतज्ज्ञाचा सल्ला एका भेटीपुरता न राहता वर्षभर मिळावा, असे आम्हास वाटते. देणगीदारांनी यंत्रसामग्रीसाठी जो हात दिला, तोच या पाठपुराव्यासाठीही द्यावा, ही विनंती.

आणि कुटुंबीयांना एवढेच सांगणे : घरी गेल्यावर कपाटातील जुना अहवाल काढा. घरातील ज्यांना मधुमेह आहे, त्यांचे ते चार आकडे घेऊन पुढच्या भेटीस या. हिशोब आम्ही करून देऊ.