केडगावची साक्ष कोणी लिहायची?



ख्रिस्ती लेखकांचे संमेलन तुळजापुरात भरते आहे याचे मला मनापासून समाधान आहे. या गावात बोलायचे म्हणून विषयही मी जाणूनबुजून निवडला आहे. अन्यभाषा बोलणे, संदेश देणे, आजाऱ्यावर हात ठेवून त्याला बरे करणे ही पवित्र आत्म्याची कृपादाने प्रेषितांच्या काळाबरोबर संपली, की आजही मंडळीला मिळतात? या प्रश्नावरून आपल्याकडे पाळक बदलले गेले, सख्खे भाऊ वेगवेगळ्या उपासनांना जाऊ लागले, एकाच गल्लीत दोन मंडळ्या झाल्या. इतके होऊनही आपल्या कथा-कादंबऱ्यांत, आत्मचरित्रांत, नियतकालिकांत हा प्रश्न मला फारसा भेटत नाही. आपण त्यावर भांडतो, लिहीत मात्र नाही.

बालाघाटाच्या या डोंगरात संबळ वाजतो, गोंधळी कथा लावतो, कवड्यांच्या माळा घातलेले आराधी परडी घेऊन जोगवा मागतात आणि नवरात्रात कोणाकोणाच्या अंगात येते. माणसाच्या देहात त्याच्याहून मोठे काही उतरू शकते, हे इथल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मराठवाड्यातल्या आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे याच वाटेने चालत आले. म्हणून प्रार्थनेत एखादी बाई थरथरू लागली, मोठ्याने रडू लागली, की जुने पाळक चपापतात. त्यांना घरातली आजी आठवते, आणि हे तेच तर नाही ना, अशी शंका मनात येते. मिशनऱ्यांनी शिकवलेल्या शांत, घड्याळाप्रमाणे चालणाऱ्या उपासनेत ती शंका अधिकच घट्ट झाली.

ही भीती खरी आहे. मी तिला हसण्यावारी नेणार नाही. करिंथही देवळांचे शहर होते. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात कृपादानांचा विषय काढला, तेव्हा आधी वाचकांना त्यांच्या पूर्वीच्या उपासनेची आठवण दिली आणि मगच कसोटी सांगितली. जो आत्मा येशूला प्रभू म्हणवतो तो देवाचा. थरथर, आवाज, पडणे, यांतले काहीच त्या कसोटीत नाही. शांत बसणेही नाही.

माझे मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे ऐकणे सोपे जाईल. कृपादाने थांबलेली नाहीत. मात्र जे दान मंडळीने पारखलेले नाही, त्याच्यावर मंडळीने विसंबू नये. पारख करायची तर साक्ष लागते, आणि साक्ष टिकायची तर ती कोणीतरी लिहून ठेवावी लागते. लेखकांच्या संमेलनात हा विषय मांडण्याचे कारण एवढेच.

दाने थांबली असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नाही. प्रिन्स्टनचे बेंजामिन वॉरफील्ड यांनी १९१८ साली एक पुस्तक लिहून ती नीट मांडली. चमत्कार हे प्रेषितांचे अधिकारपत्र होते, ज्यांच्यावर प्रेषितांनी स्वतः हात ठेवले त्यांच्यापर्यंत ते पोचले आणि त्या पिढीबरोबर संपले, असा त्यांचा युक्तिवाद. चौथ्या शतकाच्या अखेरीस योहान ख्रिसोस्तोमही पौलाच्या याच करिंथकरांच्या पत्रावर प्रवचन करताना म्हणाला होता की, हा भाग आपल्याला नीट कळत नाही, कारण त्या काळी घडत होते ते आता घडत नाही. शिवाय खुद्द पौलानेच तेराव्या अध्यायात भाषा संपतील असे लिहून ठेवले आहे. पण केव्हा संपतील तेही तिथेच आहे. पूर्णत्व येईल तेव्हा, आपण समोरासमोर पाहू तेव्हा. नव्या कराराची पुस्तके पूर्ण झाली म्हणजे ती वेळ आली, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. शास्त्र पूर्ण हाती असूनही आपण अजून समोरासमोर पाहत नाही, हे कोणीही प्रामाणिक वाचक कबूल करील.

या वादात मला सर्वांत उपयोगी पडला तो ऑगस्टीन. ३९० च्या सुमारास त्याने लिहिले होते की, मंडळी जगभर पसरल्यावर तसे चमत्कार पुढे चालू राहू दिले गेले नाहीत. पुढे तो हिप्पोचा बिशप झाला, लोकांत वावरला, आणि उतारवयात ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या खंडात त्याने आपल्या काळात बरे झालेल्यांची यादीच दिली. जुन्या विधानाचा खुलासाही त्याने स्वतःच लिहून ठेवला. जो बरा झाला त्याचा वृत्तांत लिहून घ्यायचा आणि तो मंडळीपुढे मोठ्याने वाचायचा, अशी पद्धत त्याने पाडली. दोन वर्षे पुरी व्हायच्या आत एकट्या हिप्पोत असे सत्तरच्या आसपास वृत्तांत जमले. कार्थेजची इनोसेन्शिया नावाची भाविक बाई छातीच्या कर्करोगातून बरी झाली आणि कोणालाच काही बोलली नाही. ते कळल्यावर ऑगस्टीन तिच्यावर रागावला. बिशप बाईवर रागावतो, आणि तेही ती गप्प राहिली म्हणून! या एका रागासाठी मी त्याला आपल्या लेखकांच्या रांगेत बसवीन.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येतो. पुणे जिल्ह्यातले केडगाव इथून एका दिवसाच्या वाटेवर आहे. दुष्काळातून आणलेल्या मुली, टाकलेल्या बायका, बालविधवा यांना पंडिता रमाबाईंनी तिथल्या मुक्ती मिशनमध्ये आसरा दिला. १९०४ साली वेल्समध्ये आत्मिक संजीवन सुरू झाल्याच्या बातम्या आल्या. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी मुलींना रोज एकत्र येऊन प्रार्थना करायला बोलावले. सुरुवातीला सत्तरेक आल्या, जूनपर्यंत साडेपाचशे झाल्या. २९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास वसतिगृहात एका मुलीवर आग उतरलेली दुसरीने पाहिली आणि ती विझवायला पाण्याची बादली आणायला धावली. जवळ येऊन पाहते तो मुलगी भाजलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी रमाबाई योहानाच्या आठव्या अध्यायावर नेहमीप्रमाणे शांतपणे बोलत असताना सगळ्या मुली एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, आणि रमाबाईंना बोलणे थांबवावे लागले.

हे सारे आपल्याला कळते ते मिनी अब्राम्स यांच्या लेखणीतून. मेथडिस्ट डीकनेस म्हणून १८८७ साली भारतात आलेल्या या बाई पुढे रमाबाईंच्या सहकारी झाल्या. त्यांनी १९०६ साली पवित्र आत्म्याच्या व अग्नीच्या बाप्तिस्म्यावर पुस्तक लिहिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या अझुसा रस्त्यावर विल्यम सीमोर यांच्या सभा सुरू झाल्या. कृपादानांवर भर देणाऱ्या जगातल्या पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम तिथे, असे पाठ्यपुस्तके सांगतात. केडगावची आग त्याच्या आधी पेटली होती. मुलींच्या अन्यभाषांचा वृत्तांत मिनीबाईंनी १९०६ च्या अखेरीस निघालेल्या आपल्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत घातला. ते पुस्तक त्यांनी चिलीतल्या आपल्या जुन्या मैत्रिणीला, मे हूवर यांना पाठवले. मे आणि त्यांचे पती विलिस यांनी ते वाचले आणि १९०९ साली व्हाल्परायसो इथे चिलीचे पेंटेकॉस्टल संजीवन सुरू झाले. मराठी मुलुखातल्या अनाथ मुलींच्या प्रार्थनेने दक्षिण अमेरिकेतली एक मंडळी हलली, हे आपल्या किती मराठी पुस्तकांत आहे?

दौंडला अनाथाश्रम चालवणारे अल्बर्ट नॉर्टन केडगावला गेले. इंग्रजी न येणारी एक मुलगी स्पष्ट इंग्रजीत प्रार्थना करताना आपण ऐकली, असे त्यांनी लिहून ठेवले. नॉर्टनसाहेबांची साक्ष आहे, मिनीबाईंची आहे, इंग्लंड-अमेरिकेतल्या मासिकांतली पत्रे आहेत. त्या मुलीची साक्ष कुठे आहे? तिचे गाव कोणते, तिला त्या वेळी काय वाटले, पुढे तिचे काय झाले, हे तिच्या तोंडून, तिच्या मराठीत मला मिळालेले नाही. या साक्षीचा मुख्य साक्षीदारच गप्प आहे. आपली ही उणीव मला बोचते.

आणि रमाबाई? त्यांनी काय केले ते पाहिले की माझा जीव या बाईपुढे नम्र होतो. आरडाओरड, भावनेचा पूर, अडाणीपणा असे म्हणून नावे ठेवणारे त्या वेळीही होते, त्यांतले बरेच मिशनरीच. १९०७ साली रमाबाईंनी आपल्या मुलींची बाजू जाहीरपणे घेतली. भारतीय माणसाला देवाने जसे घडवले तसे त्याला प्रार्थना करू द्या, गोऱ्यांच्या शांततेचे माप त्याला लावू नका, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पण अन्यभाषा बोलला नाही त्याला आत्मा मिळालाच नाही, असे त्यांनी म्हटले नाही. स्वतः ते दान मिळाल्याचा दावाही केला नाही. दाने मिळालेल्यांना रोखले नाही, न मिळालेल्यांना हिणवले नाही. आज आपल्या दोन्ही बाजूंच्या पाळकांनी एवढे जरी केले असते, तरी कितीतरी मंडळ्या एकत्र राहिल्या असत्या.

याच वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे भाषांतर करीत होत्या. संस्कृतची ही पंडिता खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी शोधत होती. मुक्तीतल्या बायका खिळे जुळवत होत्या, छापत होत्या. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झाले. ज्या घरात कोणाला न कळणाऱ्या भाषेत प्रार्थना चालल्या, त्याच घरात सर्वांना कळेल अशी मराठी घडत होती. पौलाने चौदाव्या अध्यायात जे मागितले ते हेच. बोलणारा बोलो, पण अर्थ सांगणारा हवा, दोघा-तिघांनी बोलावे आणि इतरांनी पारख करावी. माझ्या लेखी केडगावच्या संजीवनाची सर्वांत मोठी खूण ते भाषांतर आहे.

आता आजचे बोलू. बरे करण्याच्या नावाने भरणाऱ्या काही सभांत जे चालते ते मला सहन होत नाही. मधुमेहाचे औषध बंद करायला सांगणे, बरे न झालेल्याच्या विश्वासात खोट काढणे, गरिबाच्या हातून दान म्हणून पैसे उकळणे, हे पाप आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. चमत्काराचा देखावा करून पैसे मिळवणे, साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देणे हा त्यात गुन्हा आहे. तो कायदा सर्व धर्मांना सारखा आहे आणि ख्रिस्ती माणसाने त्याला भिण्याचे काही कारण नाही. ज्याने हात ठेवून प्रार्थना केली, त्याने त्याच संध्याकाळी रुग्णाला डॉक्टरकडे नेले, तर त्यात विश्वासाला कुठेही कमीपणा येत नाही.

पौलाच्या यादीत एक दान असे आहे की त्यावरून कोणी मंडळी फोडत नाही. बाराव्या अध्यायाच्या शेवटी निरोग करण्याच्या दानांना लागूनच साहाय्य करण्याचे दान येते. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. खेड्यातल्या अक्षरओळख नसलेल्या, पुष्कळशा दलित बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले. बाळंतपण, जुलाब, कुष्ठरोग यांत त्या बायकांनी गावे सांभाळली. हे दान नव्हे असे कोणी म्हणेल काय? १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपाने किल्लारी-सास्तूरचा परिसर जमीनदोस्त झाला, तेव्हा ढिगारे उपसणाऱ्यांच्या हातांतही मला तेच दान दिसते. जे थांबले की चालू आहे असे विचारावे लागत नाही, त्याच्यापासून आपण पारखायला शिकावे. कोणाचे भले झाले? मंडळी बांधली गेली की मोडली?

शेवटी संमेलनापुढे एक मागणी ठेवतो. प्रत्येक मंडळीत साक्षींची एक वही असावी. आजारी कोण होते, डॉक्टरांचे कागद काय म्हणतात, प्रार्थना कोणी केली, वर्षभरानंतर तब्येत कशी आहे, हे माणसाच्या परवानगीने आणि त्याच्याच शब्दांत लिहावे. जे बरे झाले नाहीत त्यांचीही पाने त्या वहीत असावीत, कारण त्यांच्यासाठी प्रार्थना कमी झाली नव्हती. संदेश कोणी दिला, त्यातले काय खरे ठरले आणि काय चुकले, तेही तारखेसह लिहावे. आपल्याकडे ‘ज्ञानोदय’ची परंपरा १८४२ पासूनची आहे, ‘निरोप्या’ची १९०३ पासूनची. अशा निवडक साक्षी छापायला या नावांइतकी योग्य जागा दुसरी कोणती?

दुसरे, केडगावच्या मुलींचे वंशज आज पुणे, नगर, सोलापूर आणि मराठवाड्यात असणार. पणजीने सांगितलेले एखादे वाक्य, एखादे जुने पत्र, बायबलच्या पानावर लिहिलेले नाव, काहीही घरात उरले असेल. या मांडवात अशा घरातले कोणी असतील तर त्यांनी आज दुपारच्या सत्रानंतर थांबावे. लिहून घ्यायला आम्ही काही जण वह्या घेऊन बसणार आहोत.