पंडिता रमाबाईंचा भरवसा

मराठीत ‘आशा’ हा शब्द फारसा विश्वासू मानला जात नाही. आशाळभूत, आशापाश, आशेला लावणे ही त्याची घरची मंडळी, आणि संतांच्या बोलीतही आशा बहुधा बेडी म्हणूनच येते. ख्रिस्ती मराठीने मात्र तिला विश्वास आणि प्रीती यांच्या पंगतीला बसवले. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात हे तिन्ही शब्द एकत्र येतात. तिथे आशा म्हणजे वचन देणाऱ्यावर भरवसा टाकून वाट पाहणे. हा अर्थ पुणे जिल्ह्यात जगून दाखवला तो पंडिता रमाबाईंनी.

1858 साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थाटनात आणि पुराणकथनात गेले. 1874च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात या कुटुंबाची अन्नान्न दशा झाली. जवळ होते ते दानधर्मात आणि व्रतांत संपले होते. काही महिन्यांच्या अंतराने वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण गेली. देवावरचा बालपणीचा विश्वास इथेच ढळला. पुढे भाऊ श्रीनिवास 1880 साली आणि पती बिपिनबिहारी मेधावी 1882 साली निवर्तले. पदरी तान्ही लेक मनोरमा राहिली.

त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पण बाप्तिस्म्याने सगळे प्रश्न मिटले नाहीत. शास्त्रीबुवांच्या या कन्येने चर्चच्या सिद्धांतांवर वाँटेजच्या भगिनींशी पत्रांतून कसून वाद घातला. ज्या बुद्धीने पोथी तपासली तीच बायबलवरही चालवली. 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्ती धर्म गवसला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त गवसायला पुढे सुमारे आठ वर्षे लागली. धर्म पटणे आणि देवावर भार टाकणे यांत केवढे अंतर असते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी मराठी माणसे थोडीच.

ती वर्षे शारदासदनाचीही होती. 1889 साली मुंबईत निघालेले हे विधवांचे वसतिगृह पुढच्याच वर्षी पुण्यात आले. रमाबाई स्वतःच्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि मुली आपण होऊन येऊन बसत. यावरून 1893 साली शहरात वादळ उठले. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली नेल्या. सदन धर्मनिरपेक्ष राहील या हमीवर मुली पाठवणाऱ्यांची तक्रार निराधार नव्हती. पण प्रार्थना लपवून करणे रमाबाईंना अशक्य होते, हेही तितकेच खरे.

अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने सदनाला दहा वर्षांपुरतीच मदत कबूल केली होती. ती मुदत संपण्याआधी रमाबाईंनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला शंभरेक एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. भरवसा आणि तरतूद एकमेकांच्या आड येतात असे त्यांना वाटले नाही. विहिरीला पाणी लागेल हाही एक भरवसाच. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरने कोणापुढेही हात न पसरता, केवळ प्रार्थनेवर अनाथालये चालवल्याचे त्यांनी वाचले होते. केडगावला उभी राहिलेली त्यांची संस्था, मुक्ती मिशन, त्याच वाटेने चालली.

कसोटी दुष्काळानेच घेतली. 1896-97 साली त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धास्ती होती, म्हणून मुक्काम केडगावच्या शेतावर हलला. 1900च्या गुजरातमधील दुष्काळानंतर मुक्तीतील माणसे दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांच्या रोजच्या भाकरीला निश्चित उत्पन्न नव्हते. सोळाव्या वर्षी भुकेने आईबाप गेलेले पाहणारी स्त्री उद्याची शिल्लक न मोजता उपाशी मुलींना घरात घेते, यापेक्षा ‘आशा’ या शब्दाची चांगली व्याख्या कोणत्या कोशात मिळणार? तिथे विणकाम होते, शेती होती, दूध-दुभते होते, छापखाना होता. आंधळ्या मुलींना बोटांनी वाचायला शिकवले जाई. प्रार्थनेनंतर प्रत्येकीच्या हाताला काम असे.

शेवटचे मोठे काम भाषेचे होते. प्रचलित मराठी बायबल संस्कृतप्रचुर असल्याने साध्या बायकांना उमगत नाही, असे त्यांचे मत होते. बायबल मूळ भाषांतून सोप्या मराठीत उतरवण्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम मुक्तीतल्या मुली करीत. 1921 साली मनोरमा गेली. संस्था जिच्या हाती सोपवायची तीच राहिली नाही. मुद्रिते तपासणे मात्र चालू राहिले. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी केडगावला देह ठेवला आणि संपूर्ण बायबल 1924 साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले.