मशीन आलं, मग आपल्या हाताचं काय?

आज आपण शिलाईच्या कामाबद्दल बोलू. आपल्या गटांतल्या कितीतरी जणी मशीनवर बसून घरखर्चाला हातभार लावतात. त्यांच्याकडून हल्ली आम्हाला एकच प्रश्न येतो, "ताई, कारखान्यात म्हणे सगळं आपोआप शिवून निघतं. मग आम्ही शिकून उपयोग काय?"

आधी रेडिमेड शर्ट कसा तयार होतो ते पाहू. कारखान्यात एकच बाई अख्खा शर्ट शिवत नाही. कुणी फक्त कॉलर करते, कुणी बाही, कुणी खिसा. त्याआधी कापडाचे थरावर थर पसरून कापावे लागतात. शेवटी काज-बटण, धागे काढणं, इस्त्री, घडी. यातलं पसरणं आणि कापणं मोठ्या कारखान्यांत आता कॉम्प्युटरवर चालणारं मशीन करतं. कापड कमी वाया जावं म्हणून तुकड्यांची मांडणीही कॉम्प्युटरवरच होते. काज, बटण, खिसा लावणं, टाका संपला की धागा तोडणं, यालाही मशिनं आहेत.

मग शिलाई का राहिली? कारण कापड मऊ आहे. पत्रा धरला की ताठ राहतो. कापड सरकतं, ताणतं, सुरकुततं. बाही खांद्याला जोडताना कुठं ओढायचं आणि कुठं सैल सोडायचं, हे आपल्या बोटांना कळतं. अमेरिकेत २०१६ साली एकाने यावर युक्ती काढली. पाण्यात विरघळणारी खळ घालून कापड ताठ केलं, यंत्रमानवाकडून टी-शर्ट शिवून घेतला आणि मग धुऊन खळ काढून टाकली. प्रयत्न असे चालूच आहेत. पण आजही जगातले बहुतेक कपडे माणसाच्या हाताखालूनच जातात.

म्हणून निर्धास्त राहायचं का? नाही. मशीन आलं की आधी हेल्परची कामं कमी होतात, आणि ती बहुतेक बायकाच करतात. बांगलादेशात कपड्यांच्या कारखान्यांत एकेकाळी १०० कामगारांत ८० च्या आसपास बायका होत्या. आता ते प्रमाण बरंच खाली आलं आहे. याची कारणं अनेक आहेत, पण एक कारण हेही की नवं मशीन आलं की ते शिकायला आधी पुरुषांना पुढं करतात. आपल्याकडं तसं होऊ द्यायचं नाही.

२०२४ साली आपल्या राज्यात शाळेच्या गणवेशांची शिलाई महिला बचत गटांकडे आली, तेव्हा कापड कापून आलं होतं. पुढंही अशी कामं येतील. त्यासाठी चार गोष्टी सांगतो.

एक, कापलेले तुकडे ताब्यात घेताना मोजायचे, मापं तपासायची, वहीत लिहायचं आणि देणाऱ्याची सही घ्यायची. कटिंग चुकलं तर त्याचा भुर्दंड शिवणारीच्या माथी येता कामा नये.

दोन, नुसती सरळ शिलाई येऊन भागणार नाही. ओव्हरलॉक, काज, कॉलर, बाही शिकून घ्या. शिलाईच्या वर्गात मोटरच्या मशीनवर हात बसवून मागा.

तीन, ज्याचं माप वेगळं त्याचं काम आपलं. ब्लाउज, म्हाताऱ्या माणसांचे कपडे, रेडिमेड ड्रेस कमी-जास्त करून देणं. एका मापाचे हजार कपडे कारखान्याला परवडतात. एका बाईच्या मापाचा एक ब्लाउज त्याला परवडत नाही.

चार, महागडं मशीन एकटीने कर्ज काढून घेऊ नका. आधी काम किती मिळणार ते पाहा, मग ग्रामसंघात बसून चार गटांनी मिळून घ्या. पण चालवायला आणि दुरुस्त करायला आपल्यातल्याच दोघींनी शिकायचं.

येत्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटात कुणाला काय शिवता येतं, याची यादी करा. काय येत नाही, तेही लिहा. शिकायचं काय, ते त्या यादीतूनच कळेल.