कवळी लावून की काढून?

पहाटेची एस.टी. पकडून आलेल्या रसिकहो,

स्वागताध्यक्ष म्हणजे चरित्र अभिनेताच: नायक येईपर्यंत किल्ला लढवायचा आणि वेळेत बाजूला व्हायचं. यंदाच्या संमेलनाचा विषय जुन्या हॉलिवूडचे चरित्र अभिनेते. मी बोलणार ते वॉल्टर ब्रेननवर.

1894 साली मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेला हा गडी पहिलं महायुद्ध लढून आला आणि विसाच्या दशकात हॉलिवूडमध्ये एक्स्ट्रा म्हणून गर्दीत उभा राहू लागला. श्रेयनामावलीत नावही नसे. पुढे अपघातात दात गेले, आणि तेच भांडवल ठरलं. 'बार्बरी कोस्ट'च्या वेळी त्यानं दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सना आधी विचारलं म्हणे, कवळी लावून करू की काढून? हा किस्सा हॉक्स रंगवून सांगत. तेव्हा ब्रेनन जेमतेम चाळिशीचा. पडद्यावर मात्र म्हातारा झाला तो झालाच.

सहायक अभिनेत्याचं ऑस्कर 1936च्या चित्रपटांपासून सुरू झालं. पहिलं यालाच, 'कम अँड गेट इट'साठी. मग 1938चा 'केंटकी', 1940चा 'द वेस्टर्नर'. तीनदा बक्षीस, पण हाती पुतळा नाही. सहायकांची बोळवण तेव्हा फलकावर होत असे. त्या काळात एक्स्ट्रांनाही मताचा हक्क होता, त्यांनीच आपला माणूस निवडून आणला, अशी कुजबुज झाली. 'केंटकी'बद्दल मी भांडणार नाही. 'द वेस्टर्नर'बद्दल मात्र जरूर भांडेन.

त्यातला त्याचा न्यायाधीश रॉय बीन दारूच्या गुत्त्यात कोर्ट भरवतो, माणसं फासावर चढवतो, आणि नटी लिली लँगट्रीचं नाव निघालं की पार विरघळतो. तिच्या केसांची बट आपल्याकडे आहे अशी थाप गॅरी कूपर मारतो, तेव्हा ब्रेननचे डोळे बघा. शेवटी तिच्या प्रयोगाची सगळी तिकिटं घेऊन, जुना लष्करी गणवेश चढवून, रिकाम्या नाट्यगृहात तो एकटा बसतो. पडदा उघडतो, तर रंगमंचावर कूपर! खुनशी माणूस, तरी त्या क्षणी आपला जीव त्याच्यासाठी तुटतो. नायक कूपर असेल, चित्रपट ब्रेननचा आहे.

दुपारी दोनला हाच चित्रपट दाखवतोय. जेवण साडेबारापासून मागच्या मांडवात. पंगत लांबवू नका, प्रोजेक्टर भाड्याचा आहे. अध्यक्षमहोदय, माईक आपला.