नव्या जागी खोली राखताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजच्या दिवशी मी चार शब्द बोलावेत अशी आपल्या चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी काही वक्ती नव्हे. मंडळात माझे काम हिशेबाचे आणि सहलीचे. तेव्हा जे काम केले त्याविषयीच बोलावे हे बरे. यंदा सहलीचा विषय निघताच उल्हासनगरच्या आणि अंबरनाथच्या भगिनी एका सुरात म्हणाल्या, ‘या वेळी एखाद्या मोठ्या उद्यानाशेजारच्या, नव्याने उघडणाऱ्या हॉटेलात राहू या.’ बदलापूरकरांनीही माना डोलावल्या. हौस उत्तमच आहे. परंतु नव्या जागी खोली राखणे हे जुन्या जागी खोली राखण्यासारखे नसते, एवढेच आज मला सांगायचे आहे.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे पुढचे बोलण्याचा मला अधिकार पोहोचेल.

२०१२ साली दिवाळीनंतर आपण अठराजणी एका नव्या रिसॉर्टमध्ये गेलो होतो. त्याचे नाव मी घेत नाही. नाव घेऊन आता काय साधणार? जाहिरातीत बाग होती, तलाव होता, कारंजे होते. मी सहा खोल्या राखल्या, इसार भरला आणि निश्चिंत झाले. तिथे पोचलो तो उद्‌वाहन बंद, तलाव कोरडा, आणि आपल्या सहाही खोल्या तिसऱ्या मजल्यावर. खालच्या खोल्यांना अजून रंग लागत होता. आपल्यातल्या एक मावशी, ज्या वर्षानुवर्षे पापड लाटून घर चालवीत आल्या, त्यांनी त्या सहलीचे पैसे दर महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून जमविले होते. गुडघे दुखत असताना त्या एकदा जिना चढल्या त्या दुसऱ्या दिवशी निघतानाच उतरल्या. सारी सहल त्यांनी खिडकीशी बसून पाहिली. जेवणाचे ताट आम्ही वर नेत होतो आणि त्या म्हणत होत्या, ‘छान दिसतंय गं इथून सगळं.’

परत आल्यावर मी व्यवस्थापकांना पत्र लिहिले, पुन्हा लिहिले. तीन महिन्यांनी थोडी रक्कम परत मिळाली. ती सर्वांना सारखी वाटायला निघाले तर मावशी म्हणाल्या, ‘मला पैसे नकोत. पुढच्या वेळी आधी विचार, म्हणजे झालं.’ त्या मला रागावल्या असत्या तर बरे वाटले असते. मैत्रिणींनो, खरोखरच मी काहीही विचारले नव्हते. उद्‌वाहन चालू आहे का, हा प्रश्न माझ्या मनातच आला नव्हता. हॉटेल म्हटले की ते तयार असणार, असे मी धरून चालले होते.

नवे हॉटेल एका दिवसात तयार होत नाही. ते टप्प्याटप्प्याने उघडते. अगदी आपल्या वाटेवरचेच उदाहरण घ्या. आपली गाडी बदलापूरहून वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी करीत कर्जतला जाते आणि तिथून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजीवरून खोपोलीला पोचते. खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावर इमॅजिका हे भव्य क्रीडोद्यान एप्रिल २०१३ मध्ये सुरू झाले. पाण्याचे उद्यान त्याच्या जोडीला आले ते २०१४ मध्ये. आणि नोव्होटेल नावाचे हॉटेल उघडले सप्टेंबर २०१५ मध्ये. ते हॉटेल एकूण २८७ खोल्यांचे योजलेले. परंतु पहिल्या टप्प्यात उघडल्या ११६ खोल्या. यात लपवाछपवी काही नाही. मोठ्या कामाचा पैसा असाच अडकलेला असतो. जेवढे तयार झाले तेवढे चालू करायचे आणि त्याच्या उत्पन्नावर पुढचे रेटायचे. आपणही घर बांधताना आधी खालचा मजला राहता करतोच की! फरक इतकाच, की आपल्या घरी येणाऱ्या पाहुण्याला वरचा मजला अपुरा आहे हे ठाऊक असते.

परदेशातही हीच कथा. अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांचे डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी निमंत्रितांसाठी उघडले, तेव्हा खोटी निमंत्रणे घेऊन हजारो माणसे आत शिरली. नळकामगारांचा संप झालेला, म्हणून पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे. नुकत्याच घातलेल्या डांबरात बायकांच्या उंच टाचा रुतून बसल्या! शेजारी हॉटेल असावे असे डिस्नेंना वाटत होते. पण सारा पैसा उद्यानात ओतलेला. अखेर ते हॉटेल दुसऱ्याच एका उद्योगपतीने बांधले, आणि तेही उद्यानानंतर अडीच-तीन महिन्यांनी उघडले. पुढे त्या उद्यानाने जगभर नाव काढले. म्हणजे पहिल्या दिवशीच्या गैरसोयीवरून जागा वाईट ठरत नाही. पण तो पहिला दिवस आपल्या वाट्याला का यावा? नव्याची नवलाई नऊ दिवसांची म्हणतात. नव्याच्या अडचणी मात्र चांगल्या दोन-चार महिने पुरतात.

आता विचारायचे काय, ते क्रमाने सांगते.

पहिला प्रश्न, आपण जाणार त्या तारखेला काय काय चालू असेल? ‘लवकरच’ हे उत्तर धरू नये. उद्‌वाहन, गरम पाणी, भोजनगृह, पोहण्याचा तलाव, उद्यानापर्यंत ने-आण करणारी गाडी, यांतले प्रत्येक नाव घेऊन विचारावे. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी तळमजल्याची खोली मागावी. आणि उत्तर तोंडी नको, लेखी हवे. फोनवर बोलणारा मुलगा गोड बोलतो, परंतु आपण पोचतो त्या दिवशी नेमकी त्याची रजा असते!

दुसरा प्रश्न, उद्‌घाटनाची तारीख पुढे गेली तर आपल्या इसाराचे काय? काही दर स्वस्त असतात, पण त्यांत पैसे परत मिळण्याची सोय नसते. अठराजणींत कुणाच्या घरी आजारपण निघते, कुणाच्या सुनेचे दिवस भरत येतात. म्हणून मंडळाने चार पैसे जास्त देऊन परतावा मिळणारा दरच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. किती दिवस आधी रद्द केल्यास किती रक्कम परत, हेही लिहून घ्यावे.

तिसरा प्रश्न, भाड्यात काय आले आणि काय नाही? खोलीचे भाडे भरले म्हणजे उद्यानात प्रवेश मिळालाच असे नाही. तिकीट बहुधा निराळे असते. सकाळचा नाश्ता आहे का? तिसरी खाट टाकून देतात का आणि तिचे किती? नातवंडे असतील तर कोणत्या वयापर्यंत पैसे नाहीत? काही पाळण्यांना मुलाच्या उंचीची अट असते, तीही आधीच विचारावी. नाहीतर रांगेत तासभर उभे राहून नातू रडत माघारी येतो आणि आजीही त्याच्याबरोबर रडवेली होते.

चौथी गोष्ट कराची. हिशेबनीस म्हणून मला ती फार जिव्हाळ्याची वाटते! २२ सप्टेंबर २०२५ पासून, एका खोलीचे एका दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असल्यास वस्तू व सेवा कर ५ टक्के, आणि त्याहून अधिक असल्यास १८ टक्के. आता पाहा. भाडे ७,४०० असेल तर कर ३७० आणि एकूण ७,७७०. भाडे ७,६०० झाले की कर १,३६८ आणि एकूण ८,९६८. भाड्यात फरक दोनशेचा, खिशाला फटका जवळजवळ बाराशेचा! सहा खोल्या म्हणजे सात हजारांवर गोष्ट जाते. म्हणून दर विचारताना ‘करासह एकूण किती’ असेच विचारावे. जादा खाटेमुळे आकडा ती सीमा ओलांडतो का, हेही पाहावे.

पाचवी गोष्ट वाराची. उद्यान आणि हॉटेल शेजारी शेजारी का बांधतात? उद्यान एका दिवसात पाहून संपत नाही. माणूस मुक्कामाला राहिला की दुसऱ्या दिवसाचेही उत्पन्न होते. शनिवार-रविवारी आणि सुट्टीत खोल्या भरतात, मधल्या वारी ओस पडतात. म्हणून मधल्या वारी भाडे उतरते आणि रांगाही तोकड्या होतात. आपल्यापैकी ज्यांना नोकरीची अडचण नाही, त्यांनी मंगळवार-बुधवार धरावा. पावसाळ्यात मुसळधार पडला की उघड्यावरचे पाळणे थांबवतात, तेव्हा थंडीचे दिवस उत्तम. आणि खोली दुपारनंतर ताब्यात मिळते हे विसरू नये. सकाळच्या गाडीने उतरलो तर मधल्या वेळात सामान कुठे ठेवायचे, तेही ठरवून घ्यावे.

सहावी गोष्ट पैसे कुठे भरायचे याची. हल्ली जागेच्या नावाने खोटी संकेतस्थळे आणि खोटे फोन नंबर पसरवितात, आणि जिथे सगळ्यांची उडी पडते तिथे ठग आधी पोचलेला असतो. कुणी ‘आज रात्रीच भरा, नाहीतर खोली गेली’ म्हणून घाई करू लागला तर तिथेच थांबावे. संस्थेच्या नावाच्या खात्यातच पैसे भरावेत, कुणा व्यक्तीच्या नंबरवर नव्हे. फसवणूक झालीच तर लाजून घरी बसू नये. तत्काळ १९३० वर फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात. आणि हॉटेलने कबूल केलेले दिले नाही तर ग्राहकांसाठी १९१५ हा क्रमांक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. हॉटेल कुठेही असो, आपल्याला ठाण्याच्या पलीकडे जायला नको. मात्र हाती कागद हवा.

हे सारे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. खोपोलीचे हॉटेल उघडले तेव्हा मंडळात अशीच हौस उसळली होती. या वेळी मी उद्‌घाटनाच्या गर्दीत जाण्यास नकार दिला. काही मैत्रिणी रुसल्या, एकीने तर मला ‘सरकारी खाते’ असे नाव ठेवले. मी प्रश्नांची यादी केली, आपल्या सिंधी शेजारणीला सोबत घेऊन फोन केले (भाव करण्यात त्यांचा हात कोण धरील?) आणि उत्तरे लेखी मागविली. आम्ही गेलो ते पुढच्या जानेवारीत, मधल्या वारी. जाताना महडच्या वरदविनायकाचे दर्शनही झाले.

मावशी या खेपेस आल्या होत्या. त्या कुठल्याही पाळण्यात बसल्या नाहीत. पण एक प्रसंग सांगते. पहाटे पाचला मला जाग आली, तर मावशी पलंगावर पाय सोडून बसलेल्या. मी घाबरून विचारले, ‘मावशी, बरं वाटत नाही का?’ त्या म्हणाल्या, ‘नाही गं. पाणी यायची वेळ झाली म्हणून उठले. मग आठवलं, इथं भरायचं नाहीये.’ उल्हासनगरच्या नळाला पाणी येण्याच्या वेळा इथे कुणाला सांगायला नकोत. थोड्या वेळाने त्या पुन्हा आडव्या झाल्या आणि आठ वाजेपर्यंत झोपल्या. आठ वाजेपर्यंत! न्याहारीच्या टेबलाशी हे त्यांनी प्रत्येकीला सांगितले, जणू काही पराक्रमच केला.

मैत्रिणींनो, उद्याने, पाळणे, कारंजी हे सगळे ठीकच आहे. परंतु आपल्यातली पुष्कळजण सहलीला जाते ती एका सकाळी आठपर्यंत झोपायला मिळावे म्हणून. त्या झोपेसाठी तिने पापड लाटलेले असतात, शिवण केलेले असते, भाजीत काटकसर केलेली असते. मंडळाच्या पेटीत येणारा रुपया असा येतो. म्हणून तो भरण्यापूर्वी दहा प्रश्न विचारण्यात संकोच कसला? लग्न ठरविताना आपण मुलाच्या आत्याच्या नणंदेची चौकशी करतो. खोली ठरविताना उद्‌वाहनाची केली तर बिघडले कुठे?

एक विनंती करून थांबते. यंदा खोल्या राखण्याचे काम एकटीवर टाकू नका. दोघीजणी नेमा, एकीने विचारावे, दुसरीने लिहून घ्यावे. आणि ती लेखी उत्तरे पैसे भरण्यापूर्वी सभेत वाचून दाखवावीत. ज्या जागेकडून लेखी उत्तर येणार नाही, ती जागा कितीही नवी आणि सुंदर असो, तिला आणखी एक वर्ष जुनी होऊ द्यावी. ती कुठे पळून जात नाही, आपणही नाही.